वेणूताईच्या मिशांची खरी हकीकत

दुपारी विजेची लाईन गेली, की निंबार्तेजी खुर्चीतून उठत, खांद्यावरचा दुपट्टा झटकत आणि म्हणत, "चला जी, मशीन झोपली. आता आपण मशीन."

मग आम्ही सगळे मागच्या दाराने पटांगणात जायचो. आमचं ऑफिस तुमसरच्या एका राइस मिलच्या आवारात होतं आणि हे पटांगणही मिलचंच. एका बाजूला उकडलेला धान वाळत पडलेला, दुसऱ्या बाजूला बारदान्याच्या थप्प्या, आणि थप्प्यांवर जेवण करून लवंडलेले हमाल. मधल्या मोकळ्या जागेत निंबार्तेजी चुन्याने चौकोन आखत आणि एकेकाला कामं वाटत. "वेणूताई, तुमी नोंद. दसाराम, तू वाचणारा. काळे, तू कुलूप. आन् पाहुनेजी, तुमी फक्त बोला. तुमच्या प्रोग्रामात काय लिवलं हाय ते, एकेक ओळ. हळू."

आपला प्रोग्राम तपासून घ्यायला आलेला पाहुणा हातातल्या कागदावरून एकेक ओळ वाचायचा. त्याप्रमाणे आम्ही चालायचो, थांबायचो, एकमेकांच्या हातातल्या वस्तू घ्यायचो. संगणकाचा प्रोग्राम तपासायची ही निंबार्तेजींची पद्धत होती.

नागपूरकडच्या जुन्या संगणकवाल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर तो आत्तापासूनच हसायला लागला असेल. त्याने ही गोष्ट ऐकलेली असणार, आणि बहुधा माझ्याकडूनच. किंवा माझ्याकडून ज्याने ऐकली त्याच्याकडून. निंबार्तेजींची नक्कल ही एके काळी माझी हुकमी चीज होती. निरोपसमारंभ असो, कुणाच्या मुलाचं बारसं असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणायचंच, "काळे, ते वेणूताईच्या मिशा होऊन जाऊ द्या." आणि मी उठायचो.

आता माझं वय झालं. नक्कल करायला उभं राहिलो तर गुडघे आधी बोलतात. पण मध्यंतरी एका तरुण माणसाने मलाच ती गोष्ट सांगितली. मी तिचा उगम आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या गोष्टीत निंबार्तेजींच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट होता, ते झाडीपट्टीच्या नाटकातले पडेल नट होते आणि शेवटी त्यांना वेड लागतं. मुकुट मी घातला होता. पडेल नटही मीच केलं होतं. वेड मात्र पुढे कुणीतरी जोडलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

तर मुकुट नव्हता. खांद्यावर पांढरा दुपट्टा होता, तोही उन्हासाठी. आणि शालिकराम निंबार्ते यांचा नाटकाशी काडीचा संबंध नव्हता. गाव त्यांचं अड्याळ. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवसांत गावात नाटक असलं की ते पहिल्या अंकातच सतरंजीवर घोरायला लागत, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. काही वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं, मग संगणकाचं शिक्षण घेतलं आणि आमच्या गिरण्यांच्या संघात लागले. पटांगणातल्या त्या प्रकाराचं कारण कला नव्हतं, वीज होती. काळ ऐंशी सालानंतरचा. लाईन दुपारी जायची ती दिवेलागणीला यायची. मशीन बंद, तर तपासणी कशी करायची? निंबार्तेजी म्हणाले, "मशीन तरी काय करते? सांगतलं तेवढंच करते. तेवढं तं दसारामही करते."

"मी तिच्याहून जास्त करतो जी," दसाराम म्हणाला. "मशीन चा आणते का?"

हा दसाराम आमचा शिपाई. त्याच्या चहाची गोष्ट पुढे येईल.

आमचा संघ म्हणजे तुमसर-मोहाडी भागातल्या धान गिरण्यांचा संघ. कुठल्याशा सरकारी योजनेत त्यांना एक संगणक मिळाला होता. गोदामाची एक खोली रंगवून, थंड हवेचं यंत्र लावून तो आत बसवला होता. चपला बाहेर काढाव्या लागत, त्यामुळे धान विकायला आलेले म्हातारे उंबऱ्याला हात लावून नमस्कार करत. वेणूताई दिवसभर त्यात धानाच्या नोंदी भरायच्या: कुणाचा धान, कोणत्या गावचा, किती पोती. मी नागपूरहून आलेला, तेवीस-चोवीस वर्षांचा, डोळ्यांवर जाड चष्मा आणि डोक्यात आपण फार हुशार असल्याची हवा. निंबार्तेजी आमचे प्रमुख.

या सगळ्या नोंदी ज्या प्रोग्राममध्ये राहत, त्याचं नाव कणगी. धान साठवायच्या कणगीवरूनच ठेवलेलं. माहिती भरून ठेवायची आणि हवी ती पाहिजे तेव्हा काढून द्यायची, हे तिचं काम. नागपूरच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी ती लिहिली होती. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. सरांनी एक विलक्षण गोष्ट केली होती. कणगीचा, म्हणजे त्या प्रोग्रामच्या ओळींचा, सगळा मजकूर त्यांनी उघडा ठेवला होता. कुणीही फ्लॉपीवर घेऊन जावा, पैसे नाहीत. वाचावा, वापरावा, काही चुकलेलं दिसलं तर दुरुस्त करावं. अट एवढीच, की दुरुस्ती परत पाठवायची, म्हणजे ती सगळ्यांना मिळेल. गोंदिया, वर्धा, रायपूर, जबलपूर अशा ठिकाणचे संगणकवाले ती वापरत आणि आपापले बदल पाठवत.

पण कोणाचाही बदल उचलून आत घातला तर कणगीला भोकं पडतील. म्हणून सरांनी नेम केला: निंबार्ते 'हो' म्हणतील तोच बदल आत. सरांच्या मूळ मजकुरातल्या चुका निंबार्तेजींनीच पहिल्यांदा काढल्या होत्या, त्याचं हे बक्षीस.

त्यांनी हे बक्षीस फार मनावर घेतलं. त्यांना कागदावरचा बदल चालत नसे. ज्याने बदल लिहिला त्याने तुमसरला यायचं, पटांगणात उभं राहायचं. पाहुणा तावातावाने समजावून सांगायला लागला, की निंबार्तेजी एकच शब्द टाकत: "काहून?" पाहुणा कारण सांगे. पुन्हा "काहून?" तिसऱ्या 'काहून'ला माणूस एकतर चिडे नाहीतर आपली चूक त्यालाच दिसे. मग ते म्हणत, "तोंडानं नको सांगू बाप्पा. चालून दाखव."

गोंदियाच्या एका माणसाचा बदल मला अजून आठवतो. त्यात दोघांना एकाच वेळी काम करता यावं अशी सोय होती. निंबार्तेजींनी मला आणि दसारामला उभं केलं. दोघांपुढे मिळून दोनच पोती. नियम असा, की काम करायला दोन्ही पोती हातात हवीत, आणि घेतलेलं पोतं काम झाल्याशिवाय सोडायचं नाही. गोंदियावाला ओळी वाचत गेला. मी डावं पोतं धरलं. दसारामने उजवं धरलं. मी त्याच्या पोत्याची वाट बघू लागलो, तो माझ्या.

"पुढं?" निंबार्तेजींनी विचारलं.

"पुढे काही नाही," गोंदियावाला म्हणाला. "पोतं मिळालं की ते काम करतील."

"बरं. होऊ दे."

आम्ही उभे राहिलो. ऊन तापलं होतं. बराच वेळ गेला. मी पोतं खाली ठेवायला वाकलो तर निंबार्तेजी ओरडले, "सोडू नोको! प्रोग्रामात सोडा म्हणून लिवलं हाय का? नाई ना? मंग उभा राह्य!"

थप्पीवरून एक हमाल उठून बसला. "अबे दसाराम, देऊन दे ना त्याले! तुया बापाचं पोतं हाय का?"

"मले द्याले सांगतलंच नाई तं कसा देऊ?" दसाराम कळवळून म्हणाला.

"मंग चष्मेवाल्या, तू दे!"

"यालेही नाई सांगतलं!" दसारामनेच माझ्या वतीने उत्तर दिलं.

हमाल पोट धरून हसत होते. गोंदियावाला मात्र हसत नव्हता. तो आमच्याकडे बघत होता, आणि बघता बघता त्याचा चेहरा उतरला. त्याने खिशातून पेन काढलं आणि कागदावर स्वतःच्या हाताने काट मारली. तेव्हा कुठे निंबार्तेजींनी आम्हाला पोती खाली ठेवू दिली. संध्याकाळी ते त्याला आपल्या खोलीवर जेवायला घेऊन गेले.

हे जेवण मी नकलेत कधीच सांगितलं नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. निंबार्तेजी एकटे होते. लग्न केलेलं नव्हतं. मिलच्या मागे एक खोली, दारात तुळस, आत पुस्तकांची फळी. आई अड्याळला धाकट्या भावाकडे. एरवी ते दोन पोळ्या आणि वरणावर भागवत, पण बदल घेऊन कुणी येणार असलं की सकाळीच बाजारात जाऊन तळ्यातली ताजी मासोळी आणत, स्वतः रस्सा करत, आणि वाढताना पाहुण्याला त्याच्या प्रोग्रामविषयी असं काही विचारत बसत, की पाहुण्याची शेवटची बस जायची. मग त्याचं अंथरूण तिथेच. वर्धेचा एक जण मला म्हणाला होता, "काळे, बदल नामंजूर झाला तरी चालेल, रस्सा मंजूर आहे."

ते नेहमी बरोबर असत असंही नाही. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर मी आता उलट दिशेने खोटं लिहिल्यासारखं होईल. रायपूरच्या एका गृहस्थाचा बदल त्यांनी चुकीचा ठरवला. पटांगणात तो बदल मधेच अडकला होता. ज्याने उत्तर घेऊन यायचं, तो आलाच नाही. निंबार्तेजी म्हणाले, "पाहा, उत्तर येऊन नाई राहिलं. प्रोग्राम लटकला." रायपूरकर बिचारे मान खाली घालून परत गेले. पुढे आठवडाभराने कळलं, की प्रोग्राम लटकला नव्हता. उत्तर आणायचं काम दसारामकडे होतं, आणि तो त्या वेळी चहा प्यायला गेला होता.

"मले तलफ आली होती जी," दसाराम म्हणाला.

 दुसऱ्या दिवशी रजा टाकून, तुमसर रोड स्टेशनहून गाडी पकडून निंबार्तेजी रायपूरला गेले, त्या गृहस्थांच्या ऑफिसात सगळ्यांसमोर "चूक माझी झाली" म्हणाले आणि परत आले. तेव्हापासून आमच्याकडे मशीन अडकून बसली की कुणीही म्हणायचं, "दसाराम चहाले गेला."

आता मिशा.

कणगीत एक अडचण होती. एखादी नोंद रद्द केली, तर ती खरोखर जात नसे. तिच्यावर नुसती काट बसे आणि ती जागा अडवून पडून राही. हळूहळू सगळी जागा अशा मेलेल्या नोंदींनी भरून जाई. मग वेणूताईंना शनिवारी थांबून जिवंत नोंदी दुसरीकडे उतरवून घ्याव्या लागत. मी ठरवलं, हे आपण सोडवायचं. नोंद रद्द झाली की तत्क्षणी पुसायची आणि तिची जागा नव्या नोंदीला द्यायची. सरांना मी हे कळवलं होतं. ते म्हणाले होते, "हा बदल आत गेला, तर तुला मी कॉलेजात नोकरीला घेतो." नागपूर! घर, मित्र, चोवीस तास वीज नसली तरी बरीच वीज. मला फक्त निंबार्तेजींचा होकार हवा होता.

लाईन गेली. आम्ही पटांगणात गेलो. वेणूताई आणि इतर काही जण नोंदी म्हणून ओळीने चौकोनांत उभे. दसाराम वाचणारा: त्याने एका टोकापासून निघून प्रत्येकाजवळ थांबायचं, नाव विचारायचं, पुढच्याकडे जायचं. मी कागद घेऊन ओळी वाचत होतो. दसाराम दुसऱ्या माणसाजवळ पोचला तेवढ्यात माझ्या प्रोग्रामप्रमाणे वेणूताईंची नोंद रद्द झाली.

"वेणूताई, बाहेर या," मी म्हटलं.

"अवो, पन तो मायाकडंच येऊन राहिला ना," वेणूताई म्हणाल्या. "मले अर्ध्यातून कायले काढता?"

"तुम्ही पुसल्या गेलात."

"हे बरं हाय!" म्हणत त्या बाहेर आल्या. त्यांच्या चौकोनात नवी नोंद म्हणून मी थप्पीवरच्या एका हमालाला उभं केलं. चांगला दणकट माणूस, गालभर मिशा. दसाराम आपल्या नादात आकडे मोजत पुढे आला, हातातल्या चिठ्ठीवर बघत म्हणाला, "हं, वेणूताई, किती पोती?" आणि मान वर केली.

तो दोन पावलं मागेच सरला. "ओ निंबार्तेजी! वेणूताईले मिशा फुटल्या!"

त्या दिवशीचं हसणं मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही. हमाल थप्प्यांवरून खाली घरंगळले. वेणूताई पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकल्या. मिशीवाला स्वतः मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "बाई म्हणून मी काही वाईट नाई दिसत."

नकलेत मी इथे थांबायचो. इथे थांबून, निंबार्तेजींच्या आवाजात "नामंजूर!" असं गरजायचो, आणि टाळ्या घ्यायचो. गोष्ट अशी बसायची, की एका गावंढळ नाटक्याने एका चांगल्या बदलाची कशी वाट लावली.

खरं पुढे घडलं ते असं. निंबार्तेजी गरजले नाहीत. हसणं ओसरू दिलं. मग हळूच म्हणाले, "काळे, वेणूताईच्या जागी मोहाडीचा कास्तकार समज. त्याचा हिशेब अर्धा वाचून झाला हाय, आन् तेवढ्यात त्या जागी दुसराच येऊन बसला. त्याचा धान कोणाच्या नावावर जाईन?"

मी मान्य केलं नाही. मी खूप वाद घातला. असं हजारात एकदा होईल म्हणालो. तुमची पद्धतच पोरकट आहे म्हणालो. प्रोग्राम कधी पटांगणात तपासतात का, म्हणालो. सगळ्यांसमोर. वेणूताईंचं हसू थांबलं. दसाराम खाली बघू लागला.

"होत असन हजारात एकदा," निंबार्तेजी म्हणाले. "ज्याचा धान गेला त्याच्यासाठी ते एकदाच पुरते."

मी फणफणत खोलीवर गेलो. दुसऱ्या दिवशी, कुणालाही न सांगता, मी बदल पुन्हा लिहायला घेतला. आधी पाहायचं, की त्या नोंदीकडे कुणी अजून बघतंय का. असेल तर थांबायचं. शेवटचा बघणारा गेला की मगच पुसायचं. पुन्हा पटांगण, पुन्हा वेणूताई. या वेळी त्या आपल्या चौकोनात उभ्या राहिल्या, दसाराम येऊन त्यांना पोती विचारून पुढे गेला, आणि मगच त्या बाहेर पडल्या. मिशीवाला बिचारा बाजूला ताटकळत उभा.

निंबार्तेजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते म्हणाले, "होऊन गेलं." त्याच दिवशी त्यांनी सरांना कळवलं. बदल उत्तम आहे, आणि मुलगा त्याहून उत्तम आहे. हे दुसरं वाक्य मला सरांनीच सांगितलं.

मी नागपूरला आलो. कॉलेजातल्या पहिल्याच चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, "ते तुमसरचं काय प्रकरण आहे हो?" मी उठून उभा राहिलो आणि नक्कल केली. दुपट्टा म्हणून टेबलावरचं फडकं घेतलं. पोरं लोळली. सर डोळे पुसत हसले. मग रोज मागणी येऊ लागली, आणि रोज तेच कसं करायचं म्हणून मी थोडं थोडं वाढवत गेलो. मुकुट आला, पडेल नट आला. चूक माझी होती आणि ती त्यांनी पकडली, एवढं मात्र कधी आलं नाही.

काही महिन्यांनी सर म्हणाले, "आता बदल तुमसरला पाठवायला नकोत. तिथे काय नाटकच चालतं. आपली पोरं इथेच तपासतील."

"निंबार्तेजींना कळवायचं ना?" मी विचारलं.

"कळेलच की," सर म्हणाले.

 मी कळवलं नाही. त्यांना कुणीच कळवलं नाही. पाहुणे यायचे बंद झाले, एवढंच.

दोन-तीन वर्षं गेली असतील. कॉलेजच्या कामासाठी मला तुमसरला जावं लागलं. धानाचा हंगाम होता, रस्त्यावर बैलगाड्यांची रांग होती. मी मिलच्या आवारात शिरलो तर ऑफिस रिकामं. लाईन गेलेली. मागून हसण्याचा आवाज येत होता. मी बारदान्याच्या थप्पीआडून डोकावलो.

पटांगणात चुन्याचे चौकोन होते. नवीन पोरंपोरी ओळीने उभी होती, वेणूताई होत्या, दसाराम थोडा वाकलेला दिसत होता. तपासायला आता कुणाचा बदल येत नव्हता, हे मला ठाऊक होतं. मग हे काय चाललंय? मी जवळच्या हमालाला विचारलं.

"नवीन पोट्ट्याइले शिकवून राहिले जी," तो म्हणाला. "जुन्या लोकाइनं काय काय केलं ते करून दाखवते निंबार्तेजी. आज तो चष्मेवाला हाय. पाहा, लय मजा येते."

निंबार्तेजी चौकोनांच्या पुढे उभे होते. हातात कागद. त्यांनी बोटाच्या पेराने नाकावरचा नसलेला चष्मा वर सारला, मान थोडी तिरपी केली आणि नागपुरी साहेबी आवाजात म्हणाले, "म्हणजे कसं आहे..."

पटांगण खदखदलं. मीही हसलो. मग लक्षात आलं, की मी वाक्याची सुरुवात अशीच करतो. आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

ते माझी नक्कल करत होते, आणि ती माझ्या नकलेपेक्षा चांगली होती. माझा तोरा, माझं पँट वर ओढणं, सगळं होतं. पण त्या नकलेतला मी फार बरा माणूस होतो. मिशा फुटल्या, हमाल हसले, आणि निंबार्तेजींनी केलेला तो चष्मेवाला वाद न घालता सगळ्यांकडे वळून म्हणाला, "निंबार्तेजी, चूक माझी आहे. मी दुरुस्त करून आणतो."

"असा होता तो," ते आपल्या आवाजात पोरांना म्हणाले. "हुशार तं लय असतात. चूक कबूल करणारा एखादाच."

मला मागच्या मागे निघून जायचं होतं. पण दसारामने पाहिलं. "अगा बाप्पा! काळेसाहेब!"

सगळे वळले. निंबार्तेजींच्या हातातला कागद तसाच राहिला. मग त्यांचा चेहरा असा फुलला, की मला तिकडे बघवेना. "का गा काळे! थप्पीमागं कायले उभा? ये, ये." त्यांनी मला हाताला धरून चौकोनांपुढे आणलं. "नागपुरात तू माझी नक्कल करतेस म्हंते. चांगली करतेस म्हणून आयकलं. म्हटलं, आपणही शिकावं. आता तू तपास. काही चुकलं असन तं सांग."

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्यांच्या आवाजात टोमणा शोधला; सापडला नाही. ते खरंच उत्तराची वाट बघत होते.

"एक चुकलंय," मी म्हटलं. "ते वाक्य. मी तसं म्हणालो नव्हतो. मी भांडलो होतो."

निंबार्तेजी विचारात पडले. वेणूताई आणि दसाराम एकमेकांकडे बघत होते. त्यांना सगळं आठवत होतं.

"नवतं म्हटलं?" ते म्हणाले. "मले तं म्हटल्यासारखं वाटते. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून आणलं ना तू? ते तेच झालं." मग कागद माझ्या हातात देत म्हणाले, "बरं, नसन म्हटलं तं आता म्हण. बदल करून घेऊ."

मी कागदाकडे बघितलं. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं, कोरा होता.  पोरं वाट बघत होती.

"निंबार्तेजी," मी म्हटलं, "चूक माझी आहे."

ते डोळे मिटून, मान हलवत ऐकत होते. मग डोळे उघडून त्यांनी थप्प्यांकडे बोट केलं.

"थोडं जोरानं म्हण. मागच्या लोकाइले आयकू नाई आलं."

मी जोराने म्हटलं.